सोडलेलं पोर वाढतं कशावर?

(नभोवाणीवरील शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आज ज्वारी-बाजरीबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे पाण्यातल्या पिकाबद्दल, म्हणजे माशाबद्दल. आपल्यापैकी कित्येकांच्या गावाला पाझर तलाव आहे, गावतळं आहे, कुणाच्या रानात शेततळं आहे. त्यात मत्स्यबीज सोडावं, चार पैसे मिळावेत, असं पुष्कळांच्या मनात असतं. म्हणून आधी माझीच एक चूक सांगतो.

नोकरीच्या सुरवातीची गोष्ट. एका गावच्या बायकांच्या बचत गटानं पाझर तलाव ठेक्यानं घेतला होता. बीज कोणतं आणावं म्हणून त्यांनी मला विचारलं. मी हिशेब केला तो नगांचा. मोठी बोटुकली महाग, जिरे स्वस्त. त्याच पैशात जिरे लाखानं येतात. म्हटलं, आणा जिरे. आषाढात 2 लाख जिरे तलावात सोडले. नारळ फोडला, फोटो काढला. शिमग्याच्या सुमारास पाणी आटत आलं तेव्हा जाळं ओढलं, तर चार-पाच पाट्या मासे निघाले आणि त्यातही निम्मी मरळ. गटातल्या एका वयस्कर मावशींनी मला विचारलं, "साहेब, दोन लाख पोरं सोडली आपण. गेली कुठं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ठेक्याचे पैसे त्यांच्या गळ्यात पडले होते आणि सल्ला माझा होता. पुढं पुस्तकं चाळली, जाणत्यांना विचारलं, तेव्हा कळलं की हाच प्रश्न दुनियेतल्या मोठमोठ्या दर्यावर्दी देशांनाही पडलेला आहे. त्यांनी तर तलावात नव्हे, समुद्रात पोरं सोडली, कोट्यवधींनी सोडली. त्यांचा अनुभव आपल्या तळ्याला उपयोगी पडेल म्हणून आज सांगतो.

नव्वद वर्षांचा धडा

पहिली गोष्ट नॉर्वे देशाची. त्या लोकांचं मुख्य मासळीपीक म्हणजे कॉड. किनाऱ्यालगत कॉड कमी झाला अशी ओरड होती. गुंडर डानेविग नावाच्या एका कप्तानानं 1882 साली फ्लोडेविगेन इथं अंडी उबवण्याचं केंद्र काढलं. विचार सरळ होता. मादी लाखो अंडी घालते, समुद्रात बहुतेक वाया जातात. आपण ती सांभाळून उबवली आणि पोरं समुद्रात सोडली, तर मासा वाढलाच पाहिजे.

सोडत होते ती पोरं कशी? नुकती अंड्यातून निघालेली, पोटाला अंड्यातल्या बलकाची पिशवी तशीच चिकटलेली. दरसाल अशी कोट्यवधी पोरं सोडली. हे काम 1971 सालापर्यंत चाललं, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं. आणि फळ? किनाऱ्यावर जाळी ओढून वर्षानुवर्षं मोजदाद केली, पण सोडलेल्या पोरांमुळं कॉड वाढला असं काही दिसेना. जिथं सोडली तिथं आणि जिथं सोडली नाहीत तिथं, फरक काढता येईना.

ह्याचं कारण त्याच देशाच्या योहान योर्ट ह्या शास्त्रज्ञानं 1914 सालीच सुचवलं होतं. पोराच्या पोटातला बलक संपतो तो दिवस त्याच्या जिवावरचा असतो. त्या वेळी तोंडाजवळ बारीक चारा असला तर ते जगतं, नाहीतर मरतं. शिवाय एवढ्याशा जिवाला खाणारे हजार. शंभर कोटी सोडा नाहीतर दोनशे कोटी सोडा, दारातूनच परत जाणारं पाहुणं ते.

आपण असं शेतात करतो का? भाताचं, मिरचीचं, कांद्याचं रोप वाफ्यात तयार करतो. ते लावणीजोगं झालं म्हणजेच उपटतो. मोड आलेलं बी कुणी लावणीच्या चिखलात फेकत नाही. माशाच्या बाबतीत मात्र मी नेमकं तेच केलं होतं.

जपाननं काय केलं

दुसरी गोष्ट जपानची. तिथं उत्तरेला होक्काइडो नावाचं बेट आहे. तिथला मासा म्हणजे सामन. हा नदीत जन्मतो, लहानपणीच समुद्रात उतरतो, दूर उत्तरेच्या समुद्रात तीन ते पाच वर्षं चरतो आणि मोठा होऊन परत आपल्याच नदीला येतो. म्हणजे चरायला सोडलेलं गुरू संध्याकाळी दावणीला यावं तसं. म्हणून ह्या कामाला समुद्रातली राखण म्हटलं तरी चालेल.

होक्काइडोत चितोसे नदीवर 1888 साली मोठं उबवणी केंद्र निघालं. पुढची सत्तर-एक वर्षं तिथंही नव्वद वर्षांच्या नॉर्वेसारखीच रीत चालली. अंडी उबवायची आणि पोरं तशीच नदीत सोडून द्यायची. शंभर पोरं सोडली तर मोठा होऊन परत येणारा मासा सरासरीनं जेमतेम एक.

1960 नंतर त्यांनी रीत बदलली. दोनच गोष्टी केल्या. पहिली ही की पोरांना केंद्रातच खाद्य घालून वाढवलं. अंड्यातून बाहेर पडून पोहू लागलेलं पोर ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढं असतं. ते एक ग्रॅमचं आणि जवळजवळ दोन इंच लांब झाल्यावर सोडायचं. दुसरी ही की सोडायची वेळ समुद्राला विचारून ठरवायची. किनाऱ्याचं पाणी फार थंड असेल तर त्यात चारा नसतो आणि पोर गारठतं. फार ऊन झालं तर पोराला तिथं राहवत नाही. किनाऱ्याच्या पाण्याचं तापमान 5 अंशांवर आलं की सोडायला सुरवात करायची आणि 13 अंशांच्या आत पोरं पुरेशी वाढून खोल समुद्रात निघून जातील असा बेत ठेवायचा. ह्या मधल्या काळातच किनाऱ्याला पोरांच्या तोंडात मावेल असा बारीक चारा भरपूर असतो.

एवढ्यावर शंभरातले दोन-तीन, चांगल्या वर्षी त्याहूनही जास्त मासे परत येऊ लागले. पूर्वी वर्षाला पन्नास लाखांच्या आसपास येणारा सामन 1996 साली आठ कोटींच्या वर गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर रोप बळकट केलं आणि वाफसा बघून लावणी केली.

चरायचं रान किती?

पण इथंच गोष्ट संपत नाही, आणि पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

1980 नंतर जपान दरवर्षी दोनशे कोटींच्या घरात पोरं सोडू लागला. मासे पुष्कळ आले, पण आलेला मासा लहान भरू लागला. चार वर्षांचा मासा पूर्वी जेवढा भरायचा, तेवढा भरेना. काही मासे मोठे व्हायला एक वर्ष जादा घेऊ लागले. कारण काय? समुद्र केवढा का असेना, सामनाचं चरायचं रान ठरलेलं आहे. त्याच रानात रशियाचा, अमेरिकेचा, कॅनडाचा सामनही चरायला येतो. गुरं वाढली, रान तेवढंच राहिलं.

ह्याचा पुरावा माशाच्या अंगावरच असतो. झाडाच्या बुंध्यात वर्षाची कडी दिसते तशा माशाच्या खवल्यावर रेषा असतात. उन्हाळ्यात चारा भरपूर मिळाला की त्या विरळ पडतात, हिवाळ्यात दाट पडतात. एक खवला काढून भिंगाखाली धरला की कोणत्या वर्षी मासा पोटभर जेवला आणि कोणत्या वर्षी उपाशी राहिला ते वाचता येतं. तिथं गुलाबी सामन नावाची एक जात आहे. ती दोन वर्षांत मोठी होते आणि पुष्कळ भागांत विषम आकड्याच्या सालात फार येते. त्या सालात दुसऱ्या जातींच्या खवल्यावरच्या रेषा दाट पडलेल्या दिसतात. एकाच ताटात दोघं बसले की दोघंही अर्धपोटी उठतात.

नॉर्वेनंही पुढं हाच अनुभव घेतला. 1980 नंतरच्या काळात त्यांनी मासफ्योर्ड नावाच्या खाडीत चांगली मोठी वाढवलेली कॉडची पोरं सोडून पाहिली. बलकवाली नव्हेत, धडधाकट. तरीही खाडीतलं कॉडचं एकूण पीक म्हणावं तसं वाढलं नाही. खाडीत चारा होता तेवढ्यावर आधीचेच मासे पोसले जात होते, आणि नव्या पोरांना खाणारेही तयार बसले होते. म्हणजे पोर मोठं पाहिजे हे खरं, पण नुसतं मोठं असून भागत नाही. ज्या पाण्यात सोडतो त्या पाण्यात त्याच्यापुरता चारा शिल्लक पाहिजे.

अलीकडं आणखी एक अडचण उभी राहिली आहे. समुद्र तापतो आहे. होक्काइडोच्या किनाऱ्याला 5 अंशांपासून 13 अंशांपर्यंतचा जो काळ पोरांना मिळायचा, तो कमी होऊ लागला. पोरं वाढायच्या आत पाणी ऊन होतं. 2019 साली परत आलेला सामन अडीच कोटींच्याही खाली आला. सोडलेल्या पोरांचा आकडा मात्र तेवढा खाली आला नव्हता. बी बहुतेक तेवढंच, पीक मात्र पाव हिश्शावर. ह्यावरून ध्यानात घ्या की पीक आकड्यावर ठरत नाही, हंगाम आणि चारा ह्यांवर ठरतं.

लाडावलेलं पोर

तिसरी गोष्ट सवयीची. जपानी लोक चपट्या जातीचा एक मासा टाक्यांत वाढवून समुद्रात सोडतात. आपल्याकडच्या लेपेसारखा तो वाळूवर पडून असतो. रानचा मासा भक्ष्य दिसलं की झटकन वर येतो, तोंड मारतो आणि लगेच वाळूत दडतो. टाकीतल्या माशाला वरून खाद्य टाकलेलं खायची सवय. तो वर येतो आणि वरच घुटमळतो. तेवढ्यात मोठा मासा त्याला गिळतो. अंगानं धट्टाकट्टा, पण जग न पाहिलेला. म्हणून सोडायच्या जागी नैसर्गिक चारा भरपूर असेल अशी वेळ धरतात, म्हणजे त्याला फार वेळ हिंडावं लागत नाही. सोडतानाचा पहिला आठवडा निभावला की पुढं तो शिकतो.

आता आपल्या तळ्याकडं वळू

मंडळी, समुद्रात पोर सोडणं हे आपल्यासारख्याचं काम नाही. पण गावचा तलाव हा आपला छोटा समुद्रच आहे. आपल्याकडं कटला, रोहू, मृगळ ह्यांचं बीज आज सहज मिळतं, ते 1957 साली ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी ह्यांनी इंजेक्शन देऊन माशांना अंडी घालायला लावण्यात यश मिळवल्यामुळं. त्याआधी पुरात नदीवर जाळी लावून बीज धरावं लागे. बीज मिळणं सोपं झालं. ते वाढवणं मात्र आपल्याच हाती राहिलं. वरच्या अनुभवातून घेण्याजोग्या गोष्टी अशा.

एक, आकार. जिऱ्याएवढं असतं ते मत्स्यजिरे, इंचभर झालं की मत्स्यबीज, आणि तीन-चार इंचांची बोटुकली. मोठ्या तलावात बोटुकलीच सोडावी. घ्यायला महाग वाटत असेल तर जिरे किंवा बीज आणून लहान शेततळ्यात, नाहीतर तलावातच बारीक जाळीच्या हाप्यात वाढवावं. जिऱ्यापासून सुरवात केली तर चांगल्या निगराणीतही लाखातून वीस-पंचवीस हजार बोटुकली हाती येते, हे धरूनच हिशेब करावा. संगोपनाचं तळं उन्हाळ्यात वाळवून घ्यावं, म्हणजे मरळ, बेडूक, पाणकिडे ह्यांचं बस्तान मोडतं. पाणी घेताना तोंडाला बारीक जाळी बांधावी. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा सारखा मिसळून रोज ठरलेल्या वेळी द्यावा.

दोन, वेळ. तलावात पाणी किती महिने टिकतं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पाणी माघ-फाल्गुनातच आटत असेल, तर कार्तिकात सोडलेली बोटुकली वाढायची कधी? अशा तलावासाठी आदल्या वर्षीची बोटुकली दाटीनं राखून ठेवावी. दाटीत ती खुजी राहते, पण पावसाळ्याच्या तोंडी मोकळ्या पाण्यात पडली की झपाट्यानं अंग धरते. तलाव अर्धाअधिक भरल्यावर, गढूळ लोंढा ओसरल्यावर सोडावी. सांडव्याला जाळी लावल्याशिवाय सोडू नये, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात आपला माल शेजारच्या गावाला जातो.

तीन, चारा. पाण्यात उतरून हात कोपरापर्यंत बुडवा. तळहात स्वच्छ दिसला तर पाण्यात चारा नाही असं समजा. पाणी हिरवट असून तळहात कोपराच्या खोलीला अंधुक होत असेल तर ठीक. मनगट बुडताच हात दिसेनासा होत असेल तर पाणी अती हिरवं आहे, मग शेण घालणं थांबवा. पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर ताजं पाणी सोडा किंवा पाणी हलवा. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या तलावात मात्र शेण घालू नये.

चार, दाटी. खत आणि खाद्य देत असाल, तर हेक्टरी पाच हजार बोटुकली हा मध्यम आकडा धरावा. नुसत्या तलावाच्या चाऱ्यावर ठेवणार असाल तर त्याहून पुष्कळ कमी. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. शंभरात चाळीस कटला, तीस रोहू, तीस मृगळ ठेवले तर तिघांची ताटं वेगळी राहतात. समुद्रात सामनाची जी भांडणं लागली ती आपल्या तळ्यात लावू नका.

पाच, सोडण्याची रीत. बीज सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना सोडावं. पिशवी बंदच पंधरा-वीस मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घालावं. पिशवी तिरपी धरली की पोर आपणहून बाहेर जातं. वरून ओतू नये. त्याआधी जाळं ओढून मोठी मरळ, वाम काढून घ्यावी.

सहा, मोजमाप. महिन्यातून एकदा जाळं टाकून वीस-पंचवीस मासे तोलावेत, वहीत लिहावं आणि परत सोडावेत. वजन दोन महिने जागच्या जागी राहिलं तर चारा कमी पडतो किंवा दाटी झाली, असं ओळखावं. मोठे निघाले तेवढे विकून टाकावेत, म्हणजे मागच्यांना जागा होते.

शेवटी त्या मावशींचं सांगतो. पुढच्या वर्षी माझा सल्ला ऐकायला गट राजी नव्हता, आणि त्यांचं बरोबरच होतं. मी गेलो, चूक कबूल केली आणि म्हटलं, ह्या खेपेला लाख नको, हजार सोडू. एकीच्या शेततळ्यात बीज वाढवलं, बोटं मोजून बोटुकली तलावात सोडली. पीक काही डोळे दिपवणारं आलं नाही. मागची सगळी तूट भरली नाही, पण त्या वर्षीचा ठेका निघाला आणि हाती थोडं उरलं. वजनाची वही त्या मावशींच्या नातीनं ठेवली होती. जाळं निघालं त्या दिवशी मावशी म्हणाल्या, "साहेब, औंदा पोरं कुठं गेली ते वहीत हाय."

तेव्हा बंधू-भगिनींनो, केंद्रावर बीज घ्यायला जाल तेव्हा किती लाख एवढंच विचारू नका. केवढं आहे, कधी सोडायचं आहे, आणि आपल्या तलावात त्याच्यापुरता चारा आहे का, हे आधी विचारा. अधिक माहितीसाठी आपल्या तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या माणसाला किंवा कृषी विस्तार अधिकाऱ्याला भेटा. तलाव दाखवायला त्याला बरोबर घेऊन जा. कार्यालयात बसून सांगितलेला सल्ला कसा असतो, ते मी आज तुम्हाला सांगितलंच आहे.